नकाशावर नाव नसलेलं शिखर

फोन आला तेव्हा मी सकाळच्या पाळीतल्या एका रुग्णाच्या हातातली सुई काढत होते. डायलिसिस झाल्यावर सुई काढली की ती जागा बोटांनी दाबून धरावी लागते, रक्त थांबेपर्यंत. त्यामुळे खिशातला फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो म्हातारा रुग्णच म्हणाला, "सिस्टर, मी धरतो दाबून. तू बोल."

फोन भारतातून होता, मुलीच्या मोहिमेच्या कार्यालयातून. "मॅडम, घाबरण्यासारखं काही नाही," माणसानं हिंदीत सुरुवात केली.

तीस वर्षं मी नर्स आहे. त्यातली सत्तावीस सौदीतल्या कतीफच्या इस्पितळात गेली. या वाक्यानं सुरू होणारे फोन मी स्वतः कितीतरी नातेवाइकांना केलेत. मला लगेच खाली बसावंसं वाटलं, पण विभागात बसायला खुर्ची नव्हती, सगळ्या खुर्च्यांवर रुग्ण होते.

तो सांगत गेला. आमची मुलगी आणि आणखी तिघं जण अंटार्क्टिकावरच्या आपल्या ठाण्यापासून बऱ्याच आत, एका शिखराच्या कडेला तंबू टाकून राहिले होते. हेलिकॉप्टरनं त्यांना पाच दिवसांसाठी सोडलं होतं. पाचव्या दिवशी वादळ आलं. हेलिकॉप्टर उडू शकत नाही. आधी रेडिओवर रोज दोनदा बोलणं होत होतं. आता दोन दिवस झाले, तेही नाही.

"खाणं आहे त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"भरपूर आहे, मॅडम. इंधनही आहे. फक्त संपर्क नाही."

मी "ठीक आहे" म्हटलं. फोन ठेवला, हातमोजे बदलले आणि पुढच्या रुग्णाचं मशीन लावायला गेले. दोन वेळा सुई चुकली. माझी कधी चुकत नाही.

आमची मुलगी कतीफलाच वाढली. जन्म चिपळूणचा, कारण बाळंतपणाला मी माहेरी गेले होते, पण चाळीस दिवसांची असताना मी तिला घेऊन इथं परत आले. नवरा रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पात कंट्रोल रूममध्ये आहे. आठवडाभर तिथल्या कॅम्पवर राहतो आणि गुरुवारी घरी येतो. शुक्रवारी तो मुलीला घेऊन गाडी काढायचा. अल-अहसाच्या बाजूला कारा डोंगर आहे, वाऱ्यापाण्यानं खाल्लेला, आतून थंडगार गुहा असलेला. तिथून ती खिसे भरून दगड आणायची. मी कपडे धुताना खिशातले दगड काढून गॅलरीत टाकायचे. मला वाटायचं, मोठी झाली की सुटेल.

सुटलं नाही. बारावीनंतर ती पुण्याला भूशास्त्र शिकायला गेली आणि तिथंच संशोधन करू लागली. माझ्याशी फोनवर निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत बोलायची, शाळेपासूनची सवय. मराठी फक्त चिडली की. अंटार्क्टिकाच्या उन्हाळी पथकात निवड झाल्याचं तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "पारा पन्नासवर जातो अशा गावात वाढलीस तू. तुला साधा एसी सोसत नाही. तिथं दगड बघायला तूच कशाला पाहिजेस?"

त्यावर ती मराठीतच बोलली. "आई, तुला कधी एकदा तरी विचारावंसं वाटलं का, मी नेमकं काय करते?"

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं झालं. वारसाच्या कागदावर तिनं माझं नाव घातलं होतं. जिवाला धोका आहे, त्याची जाणीव आहे, असा तो कागद. इस्पितळात डायलिसिसआधी असे कागद मी रोज लोकांच्या पुढ्यात धरते आणि म्हणते, "सगळ्यांनाच भरावा लागतो, काळजी करू नका." मी तो मोबाइलवर न वाचता, दोन रुग्णांच्या मध्ये, सही करून पाठवून दिला.

शिखराकडे निघायच्या आदल्या दिवशी तिनं ठाण्यावरून मला एक फोटो पाठवला होता. मी त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं होतं आणि उघडून पाहिला नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तो उघडला. हवाई फोटो आणि आधीच्या पथकांच्या नोंदी पाहून तिनं वहीच्या पानावर पेन्सिलीनं त्या जागेचा नकाशा काढला होता आणि कडेला मराठीत लिहिलं होतं. तिचं मराठी अक्षर मी चौथीनंतर पाहिलंच नव्हतं. वेलांट्या चुकलेल्या होत्या.

"आई, हे माझं शिखर. याला नाव नाही. नकाशावर फक्त उंचीचा आकडा आहे."

मग तिनं एकेक जागा समजावली होती. शिखर म्हणजे पुऱ्या डोंगराचं फक्त डोकं. बाकीचा डोंगर बर्फाखाली बुडालेला आहे, एक-दोन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली. त्याचा पायथा कुणीच पाहिलेला नाही. बर्फ थांबलेला दिसतो, पण तो समुद्राकडे हळूहळू वाहतो, आणि ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तसा या शिखराला वळसा घालतो. वळताना तो तडकतो. म्हणून शिखराच्या दोन्ही बगलांना भेगा आहेत, काही भेगांवर बर्फाची पातळ साय धरलेली. पूर्वेचा कडा सरळ तुटलेला, तांबूस, त्यात गार्नेट या खनिजाचे लाल दाणे. आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या डोंगरात सापडतो तसाच दगड. "कोट्यवधी वर्षांपूर्वी हे एकच घर होतं आई, मग वाटण्या झाल्या." पश्चिमेला घसरडा उतार. उत्तरेला, जिथं वारा कमी, तिथं बर्फानं वाहून आणलेल्या दगडधोंड्यांची लांब रांग. रांगेच्या आड दोन लहान चौकोन, त्यावर लिहिलं होतं, "आम्ही." त्याच्यापलीकडे निळ्या, गुळगुळीत बर्फाचा पट्टा, हेलिकॉप्टर उतरायचा. कड्याच्या भेगांत पांढरे पक्षी घरटी करतात, समुद्र इतका लांब असूनही. आणि दक्षिणेच्या बाजूला, जिकडून वारा येतो तिकडे, शिखराच्या अगदी मुळाशी एक खोल खड्डा काढला होता. त्यात तिनं रेघा मारल्या होत्या आणि लिहिलं होतं, "वाऱ्यानं खणलेला. इथं जायचं नाही."

ते पान मी इतक्या वेळा मोठं करून पाहिलं की मला ते पाठ झालं.

नवरा रजा टाकून त्याच दिवशी आला. रास अल खैरपासून दीड-दोन तासांचा रस्ता आहे. घरात आल्यावर त्यानं चपला काढल्या नाहीत. "चल, निघू या," म्हणाला.

"कुठं?"

आमच्याकडे पासपोर्ट होते. इथून बाहेर पडायचा परवाना आता फोनवरही निघतो. पण तिकीट कुठलं काढायचं? जग एवढं फिरलेली माणसं आम्ही, आणि पोटच्या पोरीकडे जायला वाटच नव्हती. मग त्यानं चपला काढल्या आणि टेबलाशी बसून हवामानाचे नकाशे उघडले.

त्याचं आयुष्य दाब आणि तापमान वाचण्यात गेलं आहे. तो दर तासाला तेच करू लागला. ध्रुवाकडच्या उंच पठारावर हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली लोटते, त्यात समुद्रावरून आलेलं वादळ मिसळलं आहे, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. "दाब वर आला की सुटेल," तो म्हणायचा. दाब वर येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एकदम माझ्यावर ओरडला, "तू तिला अडवलं का नाहीस?"

"तिला दगड कुणी दाखवले?" मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही एकमेकांशी फक्त आकडे बोललो. वारा किती, दाब किती, कार्यालयातून किती वाजता फोन आला.

मी कामावर जात राहिले. घरी बसले असते तर वेड लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तो म्हातारा परत आला. डायलिसिसचे रुग्ण दिवसाआड येतात, तेच चेहरे, वर्षानुवर्षं. हा कतीफचाच कोळी. साखरेनं मूत्रपिंडं जायच्या आधी चाळीस वर्षं त्यानं खाडीत मासे धरले होते. चार तास मशीनला बांधलेला असायचा आणि बोलायचा.

"तुझ्या मुलीचं काय?" त्यानं विचारलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानं माझं तोंड पाहिलं होतं.

माझ्या मोडक्या अरबीत मी सांगितलं. मग फोनवरचा नकाशा दाखवला. त्यानं चष्मा मागवून घेतला आणि मोकळ्या हातात फोन धरून बराच वेळ पाहिलं.

"वारा कुठून?"

मी दक्षिण दाखवली. नकाशातला खड्डाही दाखवला.

तो मान हलवत राहिला. "उलटी पडलेली होडी वाळूत पाहिली आहेस? शमाल, आमचा उत्तरेचा वारा, वाहतो तेव्हा होडीच्या पुढची वाळू वारा खातो आणि होडीच्या मागं ती ओकतो. पुढं खड्डा, मागं ढीग. डोंगर असो की होडी, वारा तोच." त्यानं दोन चौकोनांवर बोट ठेवलं. "जागा चांगली निवडली आहे. कुणीतरी जाणता आहे त्यांच्यात."

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस काढले.

पण त्यानं पुढंही सांगितलं होतं. तरुणपणी त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं, होडीत तिघं होते, तीन दिवस तरंगत राहिले. पाणी होतं, मासे होते. दूर तेल काढायचा फलाट दिसत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातला एक, पोहण्यात पटाईत, मदत आणतो म्हणून उतरला. "होडी आम्हाला नंतर किनाऱ्यावर घेऊन आली. तो कधी आला नाही. सिस्टर, थंडी-भूक नंतर मारते. आधी मारतं ते बाहेर पडणं. देवाला सांग, कुणी तंबूबाहेर पडू नये."

मी देवाला तेच सांगत होते. आणखीही सांगत होते, पण ते नंतर.

नर्स असणं त्या दिवसांत शिक्षा झाली होती. गारठलेलं शरीर काय काय करतं ते मला माहीत आहे. आधी थरथर होते. मग थरथर थांबते आणि माणसाला वाटतं, बरं वाटतंय. मग जीभ जड होते, मग माणूस अंगावरचे कपडे काढू लागतो, कारण त्याला उकडतं. मी जेवायला बसले की ही यादी सुरू व्हायची. नवऱ्यानं विचारलं, "कशाचा विचार करतेस?" मी म्हटलं, "कशाचा नाही." त्याला ही यादी माहीत नव्हती. ती मी त्याला दिली नाही. त्या आठवड्यात त्याच्यावर केलेली माया म्हणाल तर एवढीच.

एक दिवस भाजीला बाहेर पडले तर खजुराच्या बागेशेजारी थंडी होती, जानेवारीतली इथली गोड थंडी. बायका मुलांना जाडे कोट घालून फिरवत होत्या. मी रस्त्यात उभी राहिले आणि रडले. एका अनोळखी बाईनं गाडी थांबवून मला पाण्याची बाटली दिली. काय झालं ते तिनं विचारलं नाही.

संपर्क तुटल्याच्या नवव्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "दाब चढतोय." दुपारी कार्यालयातून फोन आला. आम्ही दोघंही घरी होतो. नवऱ्यानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"मॅडम, हेलिकॉप्टर पोचलं. तंबू सापडला. तिघं जण जिवंत आहेत."

"चार होते," नवरा म्हणाला.

"हो सर. एक सापडत नाही. रेडिओवर आवाज नीट येत नाहीये, नावं अजून कळली नाहीत. कळली की लगेच..."

फोन बंद झाला.

पुढच्या दोन तासांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी देवघरापुढं उभी राहिले आणि हात जोडून स्पष्ट शब्दांत म्हटलं, माझी नको. त्या तिघांतला कुणीही चालेल. मला त्या तिघांची नावं माहीत होती, त्यांतल्या दोघांशी मी ती निघताना फोनवर बोलले होते. एकानं "आंटी, आम्ही तिला नीट परत आणू" असं सांगितलं होतं. त्याचं नाव घेऊन मी म्हटलं, हा चालेल. ज्या बाईनं आयुष्यभर परक्या माणसांच्या जखमा धुतल्या तिनं हे म्हटलं.

फोन आला. मुलगी जिवंत होती. जो नव्हता, तो तोच होता, ज्याचं नाव मी घेतलं होतं. पथकाचा डोंगरवाटाड्या, उत्तराखंडातल्या वरच्या गावचा, पस्तिशीचा माणूस. तंबूची जागा त्यानंच निवडली होती.

नवरा ढसाढसा रडत मला मिठी मारायला आला. मी मोरीत जाऊन ओकले.

तिचं काय झालं ते आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दोन तंबू होते. वाऱ्यानं एक फाडला, त्यात इंधनाचे डबे आणि रेडिओ होता. अंतर वीस-पंचवीस पावलांचं, पण बाहेर आपला हात आपल्याला दिसत नव्हता. वाटाड्यानं कमरेला दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक हिच्या हातात दिलं. पहिल्या खेपेला तो इंधन घेऊन आला. त्या इंधनावरच बाकीचे तिघं जगले. दुसऱ्या खेपेला तो रेडिओसाठी गेला. दोराची ओढ नीट कळावी म्हणून हिनं डाव्या हाताचा जाड मोजा काढला होता. दोर ताणला, सैल पडला, परत ताणला. मग नुसता सैल. तिनं ओढला तर तो हलका हलका आत आला. वाऱ्यानं कोरलेल्या बर्फाच्या धारेवर घासून तुटला होता.

तो आठवड्यानं सापडला, दक्षिणेच्या त्या खड्ड्यात. फाटलेल्या तंबूपासून पुढं वाट चुकून तो शिखराला अर्धा वळसा घालून गेला होता.

मुलगी परत आली तेव्हा आधी महिनाभर भारतात इस्पितळात होती. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली. मग आम्ही तिला भेटीच्या व्हिसावर कतीफला आणलं. तिची ड्रेसिंग मी रोज करायचे. ती हात पुढं करायची आणि खिडकीकडे बघायची. जेव म्हटलं की जेवायची. तीन आठवडे ती आमच्याशी "हं" आणि "नको" याच्यापुढं बोलली नाही. बाप गुरुवारी आला की तिच्याजवळ नुसता बसून राहायचा. एकदा त्यानं "कारा डोंगरावर जायचं का?" विचारलं तर तिनं इतक्या भीतीनं त्याच्याकडे पाहिलं की तो उठून गॅलरीत गेला.

एक दिवस ती आंघोळीला गेली असताना मी तिच्या फोनमधून त्या वाटाड्याच्या आईचा नंबर घेतला. का घेतला, मला सांगता येणार नाही. मी त्या बाईच्या मुलाचा सौदा केला होता. तिला तोंड दाखवता येणार नव्हतं, आवाज तरी ऐकवावा, असं काहीतरी.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोन लावला. मी कोण ते सांगितलं. मग तिनं विचारलं, "बिटिया का हाथ कैसा है?"

मी इतकी तयारी केली होती, पण या प्रश्नाची नाही. मी म्हटलं, "भर रहा है."

"अच्छा है," ती म्हणाली. "बहनजी, आप पढ़ी-लिखी हैं. मुझे कोई बताता नहीं. वो जगह कैसी है? बर्फ तो हमारे यहाँ भी गिरती है."

मग मी तिला ती जागा सांगू लागले. मला ती पाठ होती. डोंगर बर्फात बुडालाय, फक्त डोकं वर आहे. पूर्वेला तांबडा कडा. कड्यात पांढरे पक्षी राहतात. मागं दगडांची रांग, तिथं तुमच्या मुलानं तंबू लावले, इतक्या चांगल्या जागी लावले की इथला एक म्हातारा कोळीही तसं म्हणाला. ती मधे मधे "हाँ" म्हणत होती. मग तिनं विचारलं, "उजाला रहता है वहाँ? या अँधेरा था?"

"उन महीनों में वहाँ सूरज डूबता ही नहीं," मी म्हटलं.

ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "चलो. अँधेरे में नहीं था."

मागं वळले तर मुलगी दारात उभी होती, ओल्या केसांनी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं उजवा हात पुढं केला. मी फोन दिला.

"आंटी," ती म्हणाली. तीन आठवड्यांनंतर तिचा पूर्ण आवाज मी तेव्हा ऐकला, खरखरीत, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "आंटी, रस्सी मेरे हाथ में थी."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. पलीकडून त्या बाईनं काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही, आणि मी आजवर विचारलेलं नाही. मग मुलीचं रडणं ऐकू आलं, मोठ्यानं, लहानपणी पडल्यावर रडायची तसं. मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसून राहिले. आत जावं की नाही, मला कळत नव्हतं.